पुडीतले मिश्रण वेगळे करताना: विद्राव्यता आणि आम्लता यांची प्रात्यक्षिक वाट

बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याच्या हातात एके दिवशी कागदाची एक पुडी येते. आत दोन ग्रॅम पांढरी पूड असते, तीत दोन कार्बनी संयुगे मिसळलेली असतात आणि ती कोणत्या प्रकारची आहेत हे ओळखून एकमेकांपासून वेगळी करून दाखवा, एवढेच सांगितलेले असते. जर्नलमध्ये यासाठी एक तक्ता असतो: सोडियम बायकार्बोनेटमध्ये विरघळले तर आम्ल, फक्त सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळले तर फिनॉल (बेन्झिन वलयाला थेट हायड्रॉक्सिल गट जोडलेले संयुग), विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळले तर आम्लारी, कशातच विरघळले नाही तर उदासीन. हा तक्ता मला तोंडपाठ होता आणि तरीही माझी पहिली तीन मिश्रणे चुकली, कारण ‘विरघळले’ असे केव्हा म्हणायचे हे त्या तक्त्यात कुठेच लिहिलेले नव्हते. पुढचे टप्पे त्या तीन चुकांमधून तयार झाले आहेत.

१. आधी दोन कल्पना पक्क्या करा

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांनी ‘आम्लारी’, ‘सामू’ आणि ‘क्षार’ हे शब्द वापरलेले असतात आणि कॉलेजात त्यांचेच बेस, पीएच आणि सॉल्ट झालेले असतात. वस्तू त्याच आहेत, त्यामुळे बिचकू नका.

पहिली कल्पना विद्राव्यतेची. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. नवा रेणू आत शिरायचा तर त्याने पाण्याशी तसेच बंध जोडले पाहिजेत, नाहीतर पाणी त्याला जागा देत नाही. अल्कोहोलांकडे पाहिले की हे लगेच पटते. दोन कार्बनांचे इथेनॉल पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते, चार कार्बनांचे साधे ब्युटेनॉल १०० मिलिलिटर पाण्यात सात-आठ ग्रॅमच मावते आणि सहा कार्बनांचे हेक्झेनॉल जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या पुढे जाते. हायड्रॉक्सिल गट तिन्हींत एकच आहे. लांबत गेली ती कार्बनची शेपटी. सर्वसाधारणपणे एक ध्रुवीय गट चार ते पाच कार्बनांना पाण्यात ओढून नेऊ शकतो. बेन्झिन वलयातच सहा कार्बन असल्यामुळे आपल्या पुडीतली बहुतेक संयुगे थंड पाण्यात विरघळत नाहीत. मात्र त्याच रेणूवर पूर्ण विद्युतप्रभार आला, म्हणजे तो आयन झाला, की पाणी त्याला चहूबाजूंनी घेरते आणि शेपटीसकट सामावून घेते. बेन्झोइक आम्ल २५ अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटर पाण्यात ०.३४ ग्रॅम विरघळते. त्याचा सोडियम क्षार तेवढ्याच पाण्यात साठ ग्रॅमच्या आसपास विरघळतो. सरबताच्या बाटलीवर परिरक्षक म्हणून बेन्झोइक आम्लाऐवजी सोडियम बेन्झोएट, क्रमांक २११, लिहिलेले दिसते, त्यामागचे मोठे कारण हेच आहे. औषधांच्या पाकिटावरच्या नावांत ‘सोडियम’ किंवा ‘हायड्रोक्लोराइड’ ही शेपूट वारंवार का दिसते, याचेही बरेचसे उत्तर यात सापडते.

दुसरी कल्पना आम्लतेची, आणि ती मोजण्यासाठी पीकेए हा आकडा वापरतात. हा आकडा जितका लहान, तितके ते आम्ल प्रोटॉन सोडायला अधिक तयार. चार आकडे लक्षात ठेवा: बेन्झोइक आम्ल ४.२, कार्बोनिक आम्ल ६.४, फिनॉल १०, इथेनॉल १६. कार्बॉक्झिलिक आम्लाने प्रोटॉन सोडल्यावर मागे राहणारा ऋणप्रभार दोन ऑक्सिजनांत सारखा वाटला जातो, फिनॉलमध्ये तो एका ऑक्सिजनावरून वलयातल्या कार्बनांवर थोडाफार पसरतो आणि इथेनॉलमध्ये बिचाऱ्या एका ऑक्सिजनालाच सगळा भार वाहावा लागतो. आकड्यांचा क्रम याच क्रमाने लागतो. तीव्र आम्ल हे स्वतःहून सौम्य असलेल्या आम्लाला त्याच्या क्षारातून बाहेर काढते, हा एक नियम आता तक्त्याशेजारी ठेवून पाहा. बेन्झोइक आम्ल कार्बोनिक आम्लापेक्षा तीव्र आहे, म्हणून ते बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड हाकलून देते. लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा घातल्यावर जे फसफसते, ते हेच. फिनॉल कार्बोनिक आम्लापेक्षा सौम्य आहे, म्हणून त्याला ते जमत नाही आणि हायड्रॉक्साइडसारखा जबरदस्त आम्लारी लागतो.

२. टेबलावर काय काय हवे

सोडियम बायकार्बोनेटचे संपृक्त द्रावण, १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, उर्ध्वपातित पाणी, सहा-सात स्वच्छ परीक्षानळ्या, ड्रॉपर, काचकांडी, गाळणकागद आणि नरसाळे, २५० मिलिलिटरचे एक चंचुपात्र, सामू कागद, बर्फ, द्रवणांकासाठी एका टोकाला बंद केलेल्या केशनलिका. डोळ्यांवर चष्मा हवाच. सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब बोटांवर पडला तर नुसते बुळबुळीत लागते, पण डोळ्यात गेला तर तो आम्लापेक्षा अधिक खोलवर इजा करतो.

या यादीत नसलेल्या दोन वस्तू मी नेहमी मागून घेतो: चिमूटभर शुद्ध बेन्झोइक आम्ल आणि चिमूटभर बीटा-नॅफ्थॉल, जे एक फिनॉल आहे. आपले मिश्रण उघडण्याआधी या दोन ओळखीच्या पाहुण्यांवर तिन्ही द्रावणे तपासून घ्या. बाटलीतले द्रावण बिघडलेले असेल तर ते इथेच कळते.

३. पाणी: थंडच घ्या आणि मोजून घ्या

परीक्षानळीत ०.१ ग्रॅम मिश्रण, म्हणजे सपाट चमच्याच्या टोकावर मावेल एवढे, घ्या आणि ३ मिलिलिटर थंड पाणी घाला. एवढ्यात सगळे विरघळले तर संयुग पाण्यात विद्राव्य मानायचे, ही जुनी प्रस्थापित मर्यादा आहे.

माझी पहिली चूक इथेच झाली. विरघळत नाही म्हणून मी नळी बर्नरवर धरली, सगळे पारदर्शक झाले आणि मी ‘पाण्यात विद्राव्य’ असे लिहून मोकळा झालो. हिशोब केला असता तर हसू आले असते. ३ मिलिलिटर थंड पाण्यात बेन्झोइक आम्ल फक्त १० मिलिग्रॅम विरघळते, म्हणजे दहातले नऊ भाग तळाशीच राहतात. पण उकळत्या पाण्यात १०० मिलिलिटरला ते ५.६ ग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे तेवढ्याच पाण्यात आपले ०.१ ग्रॅम संपूर्ण मावून वर जागा उरते.

थंड पाण्यात खरोखर विरघळणारी संयुगे मोजकी असतात: युरिया, रिसॉर्सिनॉल, ऑक्झॅलिक, टार्टारिक किंवा सक्सिनिक आम्ल. ती असतील तर पुढच्या चाचण्यांमध्ये ‘विरघळले’ याला काही अर्थ राहत नाही. तेव्हा बुडबुडे आले का आणि लिटमस काय म्हणतो, याकडेच पाहा.

४. बायकार्बोनेट: इथे घाई करू नका

नव्या नळीत पुन्हा ०.१ ग्रॅम मिश्रण घ्या, ३ मिलिलिटर बायकार्बोनेट घाला आणि नळी न हलवता अर्धा मिनिट नुसती पाहा. मिश्रणात बेन्झोइक आम्ल असेल तर प्रत्येक कणाभोवती टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे चिकटतात, त्यांच्या जोरावर कण वर तरंगत येतो, पृष्ठभागावर बुडबुडा फुटला की पुन्हा खाली बसतो आणि परत निघतो. कण दर फेरीला बारीक होत जातो. हे एकदा पाहिले की आम्ल ओळखण्यात चूक होत नाही. नळी जोरात हलवली तर द्रावणात अडकलेली हवा वर येते आणि तिलाच विद्यार्थी फसफसणे समजतात. हवेचे बुडबुडे हलवणे थांबवले की थांबतात, कार्बन डायऑक्साइडचे थांबत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मिश्रणातला दुसरा घटक विरघळलेला नसतो, त्यामुळे नळीत काहीतरी शिल्लक दिसणारच. मग अर्धे विरघळले की काहीच नाही, हे डोळ्यांनी कसे ठरवायचे? ते ठरवूच नका. नळीतले द्रावण गाळा आणि गाळीव द्रावात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घाला. थेंब पडतो तिथे पांढरा ढग उमटतो आणि हलवल्यावर नाहीसा होतो, कारण उरलेले बायकार्बोनेट तो थेंब खाऊन टाकते. बायकार्बोनेट संपले की ढग टिकतो, दाटतो आणि बेन्झोइक आम्लाच्या चकचकीत पापुद्र्यांचा अवक्षेप, म्हणजे द्रावणातून बाहेर पडलेला घन पदार्थ, खाली बसतो. आम्ल विरघळले होते याचा खरा पुरावा ते परत आले हा आहे. तीनपैकी दोन मिश्रणे मी या एका पायरीला फाटा दिल्यामुळे घालवली. पाण्यात विद्राव्य असलेली ऑक्झॅलिकसारखी आम्ले मात्र अशी परत येत नाहीत. त्यांच्यासाठी बुडबुड्यांचाच पुरावा धरावा लागतो.

या टप्प्यावरचे तीन सापळे सांगून ठेवतो.

बायकार्बोनेट गरम करू नका. तापवल्यावर ते स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडते आणि त्याचे कार्बोनेट होते, त्यामुळे आम्ल नसतानाही बुडबुडे दिसतात. शिवाय कार्बोनेट हा बायकार्बोनेटपेक्षा बराच तीव्र आम्लारी असल्यामुळे फिनॉलही त्यात बऱ्यापैकी विरघळू लागते आणि आम्ल-फिनॉल हा भेदच पुसला जातो. अनेक महिने उघडझाप झालेल्या जुन्या बाटलीतही हळूहळू हेच घडते, आणि कोणी खाण्याच्या सोड्याऐवजी धुण्याचा सोडा घालून बाटली भरली असेल तर बोलायलाच नको. बीटा-नॅफ्थॉलची चिमूट आधी तपासायला सांगितली ती यासाठी.

फिनॉल बायकार्बोनेटमध्ये अजिबात जात नाही, असेही समजू नका. ताज्या बायकार्बोनेटचा सामू ८.३ च्या आसपास असतो. पीकेए ४.२ असलेल्या बेन्झोइक आम्लाच्या एका रेणूमागे त्या सामूला बारा हजारांवर आयन असतात, तर पीकेए ९.५ असलेल्या बीटा-नॅफ्थॉलच्या सोळा रेणूंमागे जेमतेम एक. तो एक भाग आम्ल घातल्यावर पुसटशी धूसरता देऊ शकतो. दाट अवक्षेप आणि नुसती धूसरता यांत फरक करायला शिका.

तिसरा सापळा नायट्रो गटांचा. हा गट वलयातला इलेक्ट्रॉनभार स्वतःकडे ओढतो, त्यामुळे पॅरा-नायट्रोफिनॉलचा पीकेए ७.१ पर्यंत आणि २,४-डायनायट्रोफिनॉलचा ४.१ पर्यंत उतरतो. दुसरे तर बेन्झोइक आम्लाच्या बरोबरीचे झाले आणि ते बायकार्बोनेटमध्ये खुशाल विरघळते. द्रावण गडद पिवळे झाले की ‘आम्ल’ लिहिण्याआधी थांबा.

५. सोडियम हायड्रॉक्साइड: उरलेल्या गाळावर

ही चाचणी मूळ मिश्रणावर करू नका. हायड्रॉक्साइड आम्ल आणि फिनॉल दोघांनाही घेऊन जाते, त्यामुळे आधीच्या टप्प्यात गाळणकागदावर राहिलेला गाळ पाण्याने धुऊन तोच इथे वापरा. त्यावर ३ मिलिलिटर १० टक्के हायड्रॉक्साइड घाला, हलवा, गाळा, आम्ल घाला. अवक्षेप परत आला तर फिनॉल आहे.

इथेही गरम करायचे नाही, पण कारण वेगळे आहे: उदासीन एस्टर गरम हायड्रॉक्साइडमध्ये फुटून आम्लाचा क्षार तयार होतो आणि जे मुळात मिश्रणात नव्हते तेच तुम्हाला सापडते. द्रावण संहत असेल तर काही फिनॉलांचे सोडियम क्षार त्यात नीट विरघळत नाहीत. तळाशी काही चिकट किंवा स्फटिकमय बसलेले दिसले तर दोन मिलिलिटर पाणी घालून बघा.

६. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल: अमाइनांसाठी

गणित आता उलटे. अमाइन म्हणजे अमोनियासारखा नायट्रोजन असलेले कार्बनी संयुग. त्याच्या नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनजोडी प्रोटॉन घेते, धनप्रभार येतो आणि रेणू पाण्यात जातो. हायड्रॉक्साइड घातले की तो परत येतो. पुडीत मेटा-नायट्रोअॅनिलिन असेल तर हे रंगावरूनही दिसते. पिवळे कण आम्लात विरघळताना रंग जवळजवळ नाहीसा होतो, कारण रंग देणारी ती जोडी आता प्रोटॉनने अडकवलेली असते, आणि हायड्रॉक्साइड घालताच पिवळा अवक्षेप जसाच्या तसा उमटतो.

नायट्रोजन दिसला की आम्लारी, असे मात्र मानू नका. अॅसिटॅनिलाइडमध्ये नायट्रोजन आहे, पण त्याची जोडी शेजारच्या कार्बोनिल गटाने ओढून घेतलेली असते, म्हणून ते उदासीन. डायफिनाइलअमाइन नावाने अमाइन असले तरी विरल आम्लात विरघळत नाही. अँथ्रानिलिक आम्लात दोन्ही गट असल्यामुळे ते आम्ल आणि आम्लारी अशा दोन्ही द्रावणांत जाते. बायकार्बोनेटच्या गाळीव द्रावात आम्ल घालताना आलेला अवक्षेप आणखी आम्ल घातल्यावर नाहीसा झाला, तर त्याचा संशय घ्या.

७. सगळे मिश्रण वेगळे करणे

प्रकार कळला की उरलेले मिश्रण, समजा दोन ग्रॅम, त्याच द्रावणाने वेगळे करायचे. उदाहरणासाठी त्यात एक ग्रॅम बेन्झोइक आम्ल आणि एक ग्रॅम नॅफ्थलिन, म्हणजे एक उदासीन संयुग, धरू. एक ग्रॅम बेन्झोइक आम्लाला ०.७ ग्रॅम बायकार्बोनेट लागते, म्हणजे संपृक्त द्रावणाचे आठ-नऊ मिलिलिटर. खबरदारी म्हणून पंधरा मिलिलिटर घ्या, दोन हप्त्यांत घाला आणि काचकांडीने ढवळा.

मी पन्नास मिलिलिटर ओतले होते, जास्त असलेले बरे म्हणून. नॅफ्थलिन गाळून काढल्यावर तो द्राव १०० मिलिलिटरच्या चंचुपात्रात घेतला आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची धार सोडली. न वापरलेल्या बायकार्बोनेटमधून जवळजवळ एक लिटर वायू निघायचा होता आणि तो त्या पात्रात मावण्यासारखा नव्हता. फेस माझ्या अर्ध्या आम्लासकट टेबलावर उतरला, तिथून जर्नलवर. प्रयोगशाळा सहायकांनी काही न बोलता ओले फडके आणून दिले. म्हणून यादीत २५० मिलिलिटरचे पात्र आहे, आणि म्हणून आम्ल ड्रॉपरने घालायचे आहे.

आम्ल कुठपर्यंत घालायचे, याचे जर्नलमधले उत्तर ‘निळा लिटमस तांबडा होईपर्यंत’ असे असते. ते अपुरे आहे. लिटमस सामू ५ च्या सुमारासच तांबडा होतो आणि त्या वेळी पाण्यात विरघळलेल्या बेन्झोइक आम्लाच्या एका रेणूमागे सहा बेन्झोएट आयन असतात, म्हणजे बराच माल द्रावणातच अडकलेला असतो. पीकेएच्या दोन अंक खाली गेलात तर शंभरातला एकच आयन उरतो. सामू कागदाने २ दाखवल्याशिवाय थांबू नका. नंतर पात्र दहा मिनिटे बर्फात ठेवा, गाळा आणि थोड्याच बर्फगार पाण्याने धुवा. साध्या नळाच्या ५० मिलिलिटर पाण्याने धुतले तर तुमच्या एका ग्रॅममधले ०.१७ ग्रॅमपर्यंत मोरीत जाऊ शकते.

तिसऱ्या टप्प्यात ज्या गरम पाण्याने मला फसवले, तेच आता शुद्धीकरणाला उपयोगी पडते. मिळालेले आम्ल २५ मिलिलिटर उकळत्या पाण्यात विरघळवा, गरम असतानाच गाळा आणि पात्र न हलवता निवू द्या. सुया आणि पापुद्रे हळूहळू वाढताना दिसतील.

८. द्रवणांक आणि शेवटची फसगत

स्फटिक गाळणकागदांमध्ये दाबून पूर्ण सुकवा, कारण ओलसर नमुना काही अंश आधीच वितळतो आणि वितळतानाही रेंगाळतो. अपेक्षित द्रवणांकाच्या दहा अंश अलीकडे आलात की तापमान मिनिटाला एक-दोन अंशांनीच वाढवा.

बेन्झोइक आम्लाचा द्रवणांक १२२ अंश. बीटा-नॅफ्थॉलचाही १२२. अॅसिटॅनिलाइड आणि मेटा-नायट्रोअॅनिलिन दोन्ही ११४ ला वितळतात. परीक्षेच्या पुड्या बांधणाऱ्यांना या जोड्या चांगल्या ठाऊक असतात, त्यामुळे आधीच्या टप्प्यांत प्रकार चुकला असेल तर द्रवणांक तुम्हाला सावध करणार नाही, उलट चुकीच्या उत्तरावर शिक्कामोर्तब करील. शंका असेल तर आपला नमुना आणि शुद्ध बेन्झोइक आम्ल समप्रमाणात खलून त्या मिश्रणाचा द्रवणांक पाहा. १२२ च राहिला तर दोन्ही एकच, बराच खाली उतरला तर तुमच्या पुडीत दुसरेच काहीतरी आहे.

दोन्ही घटक वेगवेगळ्या पुड्यांत बांधून वर प्रकार, द्रवणांक आणि वजन लिहा. वजनाकडे लिहिण्याआधी एकदा बघून घ्या. आमच्या तुकडीत एकाने दोन ग्रॅम मिश्रणातून अडीच ग्रॅम माल काढून दाखवला होता. परीक्षकांनी ती पुडी नुसती दाबली, कागद ओला झाला, आणि त्यांनी ती परत त्याच्या हातात ठेवली.